कॅप्टन टॅलबर्टचं पुनरागमन

२ जानेवारी, बरबँक
बातमी पक्की आहे. आमच्या ‘लँटर्न-सेव्हन’ मालिकेवर सिनेमा निघतोय. मोठा स्टुडिओ, मोठा पडदा. मालिका बंद पडली त्या दिवसापासून मी सांगत होतो की हे होणार. लोक हसले. बहीण डोरीन तर अजून नाश्त्याला हसते.

हसू दे. कॅप्टन टॅलबर्ट म्हणजे मी. अंतराळातलं ते दीपगृह चार सीझन मी सांभाळलं. निळा कोट, रुंद छाती, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी खिडकीपाशी उभं राहून ‘दिवा विझू देऊ नका’. हे दुसरं कोण म्हणणार?

संकल्प: आपण होऊन फोन करायचा नाही. माणसाला मान असतो.

३ जानेवारी
फोन केला. स्टुडिओला नाही, माझी एजंट मायरा हिला. एजंटला फोन करण्यात मान जात नाही. तिच्या ऑफिसातली मुलगी म्हणाली, कोण बोलतंय? म्हटलं, रसेल ट्रॅन्थम. म्हणाली, तुम्ही आमच्याकडे आहात का? नवीन दिसते. मायरा मीटिंगमध्ये होती.

७ जानेवारी
फोन नाही. मीटिंग माझ्याबद्दलचीच असणार, म्हणून लांबली.

निळा कोट काढून घातला. बटणं लागेनात. गॅरेजवरच्या या खोलीत ओल फार, कापड आटलंय. डोरीन कपड्यांची टोपली घेऊन आली ती दारातच थबकली. म्हणाली, रसेल, कापड कशाला आटेल, तूच फुगलायस. भाडं घेत नाही म्हणून हिला काहीही बोलायची मुभा.

संकल्प: साखर बंद.

८ जानेवारी
साखर सोमवारपासून.

२० जानेवारी
पॅसाडिनाला फॅन मेळावा. मोठा हॉल, जुने नट टेबलं मांडून बसतात, लोक रांगा लावून सही घेतात. माझ्या शेजारच्या टेबलावर मर्ल सटफिन. मर्ल मालिकेत डस्टी व्हायचा, दीपगृहाची साफसफाई करणारा यंत्रमानव. चार वर्षं पत्र्याच्या डब्यात बसून होता. चेहरा एकदाही दिसला नाही. वाक्य एकच: काहीही सांडलं, फुटलं, अगदी ग्रहच्या ग्रह फुटला तरी डस्टी फडकं काढून म्हणायचा, मी पुसून घेतो.

मर्लची रांग दारापर्यंत. माझ्यापाशी एक गृहस्थ आले, फार अदबीने विचारलं, जरा आमचा मर्लबरोबर फोटो काढता का? काढला. चौकट छान साधली. कॅमेऱ्याची जाण असलेला नट आता मिळतो कुठे?

लोकांना डबा आवडतो. अभिनय कळायला थोडं वाचन लागतं.

मर्ल आता नाकात ऑक्सिजनची नळी घालून असतो, म्हाताऱ्या नटांच्या आश्रमात राहतो. पॅकअप करताना म्हणाला, कॅप्टन, सिनेमात आपल्याला बोलावतील का रे? म्हटलं, बघू. म्हणाला, मला जास्त काही नको, एकदा ते वाक्य म्हणायला मिळालं की बास.

या वयात माणसानं हाव सोडावी.

११ फेब्रुवारी
पेपरात आलं: कॅप्टन टॅलबर्टच्या भूमिकेत ब्रेडन कोल. वय सत्तावीस. गाल असे की जणू कोणी कोरून ठेवलेत, आणि आत काही ठेवायचं राहिलंय.

तासभर विचार केला. उलगडा झाला. हा तरुणपणीचा टॅलबर्ट. सुरुवातीला दहा मिनिटं दाखवतील. मग खरा टॅलबर्ट, अनुभवी. स्टुडिओ माझं नाव बाहेर फोडत नाही यातच सगळं आलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

डोरीनला सांगितलं. ती म्हणाली, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

२ मार्च
इंटरनेटवर मोहीम उघडली. ‘टॅलबर्ट म्हणजे ट्रॅन्थमच.’ लोकांनी खाली सह्या करायच्या. संध्याकाळपर्यंत सहा सह्या. पैकी काही मी वेगवेगळ्या नावांनी केल्या, पण भावना खऱ्या होत्या.

५ मार्च
सातवी सही आली. खाली लिहिलंय, ट्रॅन्थम कोण? पण डस्टीला परत आणा. त्यावर शेकडो लोकांनी अंगठे उंचावलेत. मोहीम बंद केली. गर्दीच्या मागे लागणं माझा स्वभाव नाही.

१४ मार्च
फोन आला. फोन आला. फोन आला.

कास्टिंगची मुलगी, टॅटम नावाची. फार गोड. म्हणाली, सर, सिनेमासाठी आम्हाला तुमचा चेहरा हवाय, पुढच्या आठवड्यात याल का? मी चार सेकंद थांबलो आणि म्हटलं, डायरी बघावी लागेल. हीच डायरी. बघितली. कोरी होती. म्हटलं, जमवतो.

मग म्हणाली, अजून एक विचारायचं होतं. आमच्या दिग्दर्शकाचा लहानपणापासून डस्टीवर जीव आहे. शेवटच्या सीनमध्ये जुन्या मंडळींपैकी एकानं यावं असं त्यांच्या मनात आहे. मर्ल सटफिन यांचा नंबर लागत नाही, त्यांचे एजंट वारले. तुमच्या ओळखीचे ना ते?

आता ही आमच्या धंद्यातली रीत. जुन्या मालिकेचा सिनेमा निघाला की शेवटी एक जुना चेहरा आणतात. दार उघडतं, म्हातारा आत येतो, एक वाक्य बोलतो, थिएटर उभं राहतं. ती जागा एकच असते. दोन म्हातारे आणले की आश्रमाची सहल वाटते.

मी काहीही बोललो नाही. हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो. एक शब्द बोललो नाही. फक्त उसासा टाकला. दुसऱ्या सीझनमध्ये दीपगृहाचा डॉक्टर मरतो तेव्हा टाकलेला, तोच, छातीतून निघून नाकाशी येऊन थरथरणारा. मग टॅटम म्हणाली, अरे देवा. कधी? मी म्हटलं, त्याच्याबद्दल मला बोलवत नाही. ती रडायला लागली. म्हणाली, सॉरी सर, मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, थँक यू, बाळ.

इतक्या वर्षांतला माझा सर्वोत्तम अभिनय, आणि प्रेक्षक एक.

१५ मार्च
झोप नीट लागली. सेटवर धूर असतो, धूळ असते. मर्लची फुप्फुसं ही अशी. मी त्याचा जीव वाचवला म्हणायला हरकत नाही.

२२ मार्च
स्टुडिओत गेलो. गोल खोली, भिंतभर कॅमेरे, मधे मी. तिथला माणूस तोंडात च्युइंगम ठेवून सूचना देत होता. घाबरा. अजून घाबरा. आता हवा संपत चाललीय असं करा. गुदमरा. तोंड उघडा, आवाज नको. हातानं काहीतरी धरायला बघा, पण हाताला काही लागत नाही.

सबंध दुपार गुदमरलो. टॅलबर्टच्या मनातल्या यातना आहेत या. इतका खोल अभिनय माझ्याकडे आजवर कोणी मागितला नव्हता. शेवटी मी खिडकीकडे बघावं तसं बघत ‘दिवा विझू देऊ नका’ म्हटलं. तो म्हणाला, आवाज घेत नाही आम्ही, अंकल.

२३ मार्च
हार्डवेअरच्या दुकानातली रंग मिसळायची नोकरी सोडली. सगळ्यांसमोर छोटं भाषण केलं. मॅनेजर गुस्तावो ऐकून घेऊन म्हणाला, छान, कॅप्टन, एप्रन काढून ठेव आणि त्या बाईंचा मोतिया रंग तेवढा देऊन जा.

१० एप्रिल
आश्रमात जाऊन आलो. डोरीन दर रविवारी मर्लसाठी सूप नेते, या वेळी मलाही ओढलं. मर्लनं विचारलंच, सिनेमाचं काही कळलं का? म्हटलं, डस्टी कॉम्प्युटरवर करतायत. म्हणाला, आणि आवाज? म्हटलं, आवाजही. तो नुसता, बरं, म्हणाला.

नर्स मला बाजूला घेऊन म्हणाली, रोज सकाळी न्हाणीघरात त्या वाक्याची तालीम चालते त्यांची, आम्हाला बाहेर ऐकू येतं. फार हळवी बाई. मर्लनं पुडिंगला हात लावला नाही. वाया जायला नको म्हणून मी खाल्लं.

२५ मे
शूटिंगला बोलावणं नाही.

३० जून
पेपरात: शूटिंग संपलं. माझा भाग वेगळा घेणार, गुप्तपणे. डोरीन भांडी घासता घासता म्हणाली, रसेल, त्यांनी तुझं तोंड घेतलंय, तुला नाही. कलेतलं तिला काय कळतं, दातांच्या दवाखान्यात आयुष्य गेलं तिचं.

१८ ऑगस्ट
ट्रेलर आला. एका ठिकाणी, ब्रेडनच्या मागे, धुरात, माझा कान दिसतो. थांबवून थांबवून बघितलं. कानच आहे. डोरीन म्हणते, बटाटा आहे.

२९ ऑक्टोबर
पहिल्या खेळाचं आमंत्रण. दोघांसाठी. म्हणालो होतो ना!

दुसरी जागा कोणाला द्यावी? बेकरीतल्या आयलीनला विचारलं. ती म्हणाली, कसला सिनेमा? डोरीनला विचारलं. ती म्हणाली, मला नको, मर्लला ने. म्हटलं, त्याची टाकी, त्याचं वय, तिथली गर्दी. म्हणाली, गाडी मी चालवते, खुर्ची मी उचलते, तुला फक्त शेजारी बसायचंय. जमेल ना तेवढं?

म्हटलं, बघतो.

६ नोव्हेंबर
मर्लला फोन करून सांगितलं, कार्यक्रम पुढे ढकललाय. तो म्हणाला, हो का, डोरीन तर आत्ताच माझा टाय घेऊन गेली इस्त्रीला.

९ नोव्हेंबर
उद्या. कोटाची मागची शिवण उसवून घेतली. समोरून कोणाला कळणार नाही.

एका गोष्टीची काळजी नाही. मर्लला कोण ओळखणार? सगळा जन्म डब्यात गेला त्याचा. मेळाव्याला येणारे वेडे सोडले तर तो चेहरा कोणाला माहीत नाही. आणि सिनेमावाली माणसं मेळाव्यांना जात नाहीत.

११ नोव्हेंबर
काल जे घडलं ते क्रमानं लिहितो. पुढे लोक काहीबाही सांगतील.

पोचलो. टॅटम दारात होती. मला मिठी मारली. मर्लच्या खुर्चीकडे बघून म्हणाली, आणि हे? म्हटलं, माझे मामा, ऐकू कमी येतं. मर्ल माझ्याकडे बघत राहिला, मग तिला हात हलवला. रांगेच्या टोकाला जागा मिळाली, खुर्चीच्या सोयीने.

सिनेमा सुरू. पहिला अर्धा वेळ नुसता ब्रेडन. हेच टॅलबर्टचं तरुणपण, असं मनाशी म्हणत होतो. मग शत्रूचं जहाज येतं. तिथे दुष्ट लोकांनी टॅलबर्टच्या नकला बनवून ठेवल्यात, फसलेल्या, ढेरपोट्या, थकलेल्या. रांगाच रांगा. सगळे मी.

शेजारी कोणीतरी खुदकन हसलं.

ब्रेडन एक दांडा खाली ओढतो. जहाजाचं बाहेरचं दार उघडतं आणि ते सगळे मी एकामागोमाग एक बाहेर फेकले जातात, अंतराळात. तोंड उघडं, आवाज नाही. हातानं काहीतरी धरायला बघतात, हाताला काही लागत नाही. थिएटर हसत होतं. मागून कोणी शिट्टी मारली. ब्रेडन म्हणाला, आता एकच उरला, आणि परत दांडा ओढला. शेवटचा मी फार वेळ तरंगलो आणि जहाजाच्या काचेवर येऊन फुटलो. काचेवर माझ्या तोंडाचा डाग.

आणि तेवढ्यात कोपऱ्यातून डस्टी येतो. कॉम्प्युटरचा, नवा, चकचकीत. फडकं काढतो. आवाज मात्र मालिकेतला, जुन्या रेकॉर्डिंगमधला, मर्लचाच: मी पुसून घेतो.

थिएटर उभं राहिलं. मोठी माणसं, पोरं, सगळी उभी राहिली आणि मला पुसताना टाळ्या वाजवत राहिली.

मर्लनं माझा हात धरला होता. त्याच्या हाताला घाम होता की माझ्या, सांगता येत नाही.

सिनेमा संपला. पडदा काळा झाला. त्यावर पांढरी अक्षरं आली: मर्ल सटफिन यांच्या स्मृतीस. टॅटम पुढच्या रांगेत डोळे पुसत होती. मर्लनं खिशातून चष्मा काढला, लावला, सावकाश वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, रसेल, मी कधी गेलो?

त्याला खरंच ऐकू कमी येतं, त्यामुळे तो मोठ्यानं बोलतो. सगळी रांग वळली. टॅटम वळली. मी पडद्याकडे बघत राहिलो. मर्लला वाटलं असेल, मला ऐकू आलं नाही. म्हणून त्यानं नाकातली नळी जरा बाजूला करून, आणखी मोठ्यानं, डस्टीच्या आवाजात ते वाक्य म्हटलं. मी पुसून घेतो.

त्यानंतरचं सगळ्या पेपरांत आलंय. दिग्दर्शक गुडघ्यावर बसून रडला. मर्लला खुर्चीसकट स्टेजवर नेलं. लोक खुर्च्यांवर चढले. कोणीतरी माईक पुढे करून विचारलं, तुम्ही वारलात असं कोणी सांगितलं? मर्ल म्हणाला, चूक झाली असेल कोणाची, या वयात फरक तो काय पडतो? लोक आणखी रडले.

टॅटम मर्लची खुर्ची घेऊन माझ्यापाशी आली. मिठी नाही. मोठ्यानं म्हणाली, सर, तुम्ही उसासा टाकला होतात. म्हटलं, मला दमा आहे.

येताना गाडीत डोरीन आरशातून माझ्याकडे बघत होती आणि सिग्नल चुकवत होती. मागे माझ्या शेजारी बसलेला मर्ल म्हणाला, दुसऱ्या सीझनमधला का तो उसासा? डॉक्टर मेल्यावरचा? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, फार छान होता तो. मी तेव्हा डब्यात होतो, दिसत काही नव्हतं, तरी रडलो होतो.

मग त्याला झोप लागली.

१२ नोव्हेंबर
डोरीननं नाश्ता केला नाही. म्हणाली, हात आहेत ना तुला. स्वतःच्या हातांनी करून घे, तेवढा तरी खरा असेल.

२० नोव्हेंबर
मर्लला दुसऱ्या भागासाठी घेतलं. बोलणारी भूमिका, डब्याबाहेरची. मला अभिनंदनाचा फोन करायचा होता. त्याची लाइन सतत बिझी.

१ डिसेंबर
गुस्तावोकडे गेलो. सहज, बघायला. त्यानं मला बघून सगळ्या दुकानासमोर तोंड उघडं टाकून गुदमरून दाखवलं. सगळे हसले. मीही हसलो, खिलाडूवृत्ती हवी. नंतर म्हणाला, रंगाच्या काउंटरवर नवा माणूस आहे, खताची पोती उचलशील का?

४ डिसेंबर
पाठ.

१९ जानेवारी
पॅसाडिना. फॅन मेळावा. या वर्षी मला टेबल नाही. त्याहून मोठी जागा दिलीय, हॉलच्या मधोमध. पुठ्ठ्याचं जहाज, त्याला दार, दाराला दांडा. समोर प्लास्टिकची काच. मी निळा कोट घालून आत उभं राहायचं. फॅननं दांडा ओढला की दार उघडतं, मी तोंड उघडं टाकून आधी काचेवर आपटायचं, मग मागे गादीवर पडायचं. फोटो. पुढचा.

नोंद करून ठेवतो: माझी रांग आज दारापर्यंत होती. दाराबाहेरही, म्हणतात. एका आईनं मुलीला सांगितलं, हे खरे कॅप्टन आहेत बरं का, जुने. मुलगी म्हणाली, परत पाडा. परत पडलो. आवाज काढायचा नसतो हे मला आधीच शिकवलेलं असल्यामुळे काम उत्तम झालं. आयोजक म्हणाले, तुमच्याइतकं खरं कोणी गुदमरत नाही.

दुपारी मर्ल आला. लोकांनी वाट करून दिली. डोरीन त्याची खुर्ची ढकलत होती. काचेवर दिवसभरात माझ्या नाकाचा, ओठांचा तेलकट डाग धरला होता. गर्दी ओरडू लागली, वाक्य, वाक्य. मर्लनं रुमाल काढला. मी आत, तो बाहेर. त्याला वाकता येत नाही म्हणून डोरीननं खुर्ची काचेला टेकवली. त्यानं वाक्य म्हटलं, सगळ्यांचे फोन वर गेले.

मग त्यानं पुसलं. खरंच पुसलं, सगळीकडून, सावकाश. मी आतून त्याच्याकडे बघत होतो आणि मला काहीतरी बोलायचं होतं. तोंड उघडलं. लोकांना वाटलं तोच अभिनय. टाळ्या पडल्या. मर्ल रुमालाची घडी घालत होता.

उद्या नऊला यायचंय. गादी जाड मागून घ्यायची.